आजोबांची पहाट, नातीची दुपार

“आजोबा पहाटे चारला उठून खुडबुड करतात, मुलगी रविवारी दुपारी बारापर्यंत अंथरूण सोडत नाही. ह्यांना पडल्या पडल्या झोप लागते, मी मात्र आढ्याकडे बघत पडते. आमच्या घरात नॉर्मल कोण आहे?”

झोपेचा विषय निघाला की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, आणि विचारणारी बहुधा घरातली बाई असते. सगळ्यांच्या झोपेचा हिशेब तिच्याकडेच असतो ना! कोणाला किती वाजता उठवायचं, कोणाच्या अंगावर पांघरूण घालायचं, कोणासाठी पंखा एकवर आणायचा, हे सगळं तिला पाठ असतं.

उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक घरांत चौघंही नॉर्मल असतात. झोपेची वेळ, तिची खोली आणि निजण्याच्या सवयी वयानुसार बदलतात, बाई आणि पुरुष यांच्यातही वेगळ्या असतात. घरातल्या सगळ्यांनी दहाला दिवा मालवावा आणि सहाला उठावं, ही अपेक्षाच जरा अजब आहे. आपण मात्र या फरकांवरून माणसाचा स्वभाव ठरवून मोकळे होतो. लवकर उठतो तो शिस्तीचा, उशिरा उठते ती आळशी, रात्री जागी असते ती उगाच विचार करणारी. यात खरं किती हे पाहायचं, तर आधी झोप येते कशी ते समजून घ्यायला हवं.

१. झोप येते कशी?

जुन्या चाळीतलं पाण्याचं पिंप आठवा. ते भरायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पिंप रिकामं झालेलं हवं आणि नळाला पाणी यायला हवं. पाणी येणार ते महापालिकेच्या वेळेनुसार. पिंप दुपारीच कोरडं पडलं तरी नळ कोरडाच असेल तर उपयोग नाही. आणि पहाटे नळ धो धो वाहत असला, पण पिंप काठोकाठ भरलेलं असलं, तरी एक तांब्यासुद्धा आत मावत नाही.

झोपेच्या मागेही अशाच दोन यंत्रणा आहेत. झुरिकचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये ही मांडणी केली आणि आजही झोपेचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. पहिली यंत्रणा म्हणजे झोपेची ओढ. आपण जागे असतो तेव्हा मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करत असतात आणि त्या खर्चातून अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं. ते जितकं जास्त, तितकी झोपेची ओढ जास्त. म्हणजे दिवसभरात पिंप रिकामं होत जातं. चहा-कॉफीतलं कॅफीन हे पिंप भरत नाही. ते रिकामं झालंय ही बातमी मेंदूपर्यंत पोचू देत नाही, इतकंच. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. समजा, संध्याकाळी पाचच्या चहातून ४० मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेलं. रात्री दहाला त्यातलं २० शिल्लक असतं आणि पहाटे तीनलाही १० उरलेलं असतं.

दुसरी यंत्रणा शरीरातल्या घड्याळाची. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. नळ कधी सोडायचा हे तो ठरवतो. अंधार पडला की त्याच्या हुकमाने मेलॅटोनिन हे संप्रेरक रक्तात वाढू लागतं आणि ‘आता रात्र झाली’ ही दवंडी शरीरभर पिटली जाते. हे घड्याळ २४ तासांचं नसतं, बहुतेकांचं थोडं मोठं असतं. १९९९ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने ते मोजलं तेव्हा सरासरी निघाली २४ तास ११ मिनिटं. रोजची ही ११ मिनिटं सकाळचा उजेड दुरुस्त करतो.

हे घड्याळ कितपत वाकतं? १९३८ मध्ये शिकागो विद्यापीठाचे नाथानिएल क्लाइटमन आपल्या ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्याला घेऊन अमेरिकेतल्या केंटकीच्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. आत ना सूर्य, ना दिवसरात्र. तिथे त्यांनी २८ तासांचा दिवस पाळून पाहिला. विशीतला रिचर्डसन आठवड्याभरात त्या दिवसाला सरावला. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांचं शरीर मात्र महिनाभर जुन्या २४ तासांना चिकटून राहिलं. दोन माणसांवरून नियम काढता येत नाही आणि फरक वयामुळेच पडला असंही छातीठोक म्हणता येत नाही. पण एकाच गुहेत, एकाच वेळापत्रकात, शेजारच्या पलंगांवर झोपणाऱ्या दोघांची घड्याळं किती वेगळी वागू शकतात, हे तिथे दिसलं. क्लाइटमन पुढे १०४ वर्षं जगले.

२. तान्हं बाळ आणि शाळकरी मूल

नवजात बाळाला दिवसाकाठी १४ ते १७ तास झोप लागते, पण ती एकसंध नसते. पहिले दोन-तीन महिने त्याच्या घड्याळाला लयच सापडलेली नसते, म्हणजे नळाची वेळ ठरलेली नसते. शिवाय पिंप इवलंसं, ते दोन-तीन तासांत रिकामं होतं. मोठ्यांच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं, बाळाचं ५०-६० मिनिटांचं. आणि त्याची निम्मी झोप स्वप्नांची असते. या स्वप्नझोपेत बाळ हसतं, तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झाडतं. ‘सटवाई हसवते’ म्हणतात ते हेच. तेव्हा ते जागं झालंय असं समजून लगेच उचलायची गरज नसते.

आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपतं आणि ते बदलावं असं बहुतेक घरांना वाटत नाही. पण निजवण्याची एक गोष्ट मात्र सगळ्या जगाने बदलली. बाळ पालथं झोपलं तर झोपेतच अचानक दगावण्याचा धोका वाढतो, हे लक्षात आल्यावर अमेरिकेत १९९४ मध्ये ‘बाळाला पाठीवर झोपवा’ अशी मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. बालरोगतज्ज्ञ बाळाभोवती उशा आणि मऊ जाड पांघरुणं नकोत असंही सांगतात. आपल्याकडची डोक्याला छान गोल आकार यावा म्हणून ठेवायची मोहरीची उशी आणि मायेने गुंडाळलेल्या दोन-दोन गोधड्या यात बसत नाहीत. आजीचा रोष पत्करून का होईना, त्या बाजूला ठेवाव्यात.

मूल मोठं होतं तशी झोपेची गरज हळूहळू घटते. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये तज्ज्ञांना बसवून जे आकडे ठरवले, त्यांनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास, ६ ते १३ वर्षांच्या मुलांना ९ ते ११ तास झोप लागते. हे वय निसर्गतः लवकर निजणाऱ्यांचं आणि लवकर उठणाऱ्यांचं. आठला पेंगणारं मूल सकाळी सहाला टक्क जागं होतं. मग आपल्या घरातली पाच वर्षांची मुलं अकरापर्यंत दंगा का करत असतात? एक कारण डोक्यावरची ट्यूबलाइट. लहान मुलांच्या बाहुल्या मोठ्या असतात आणि डोळ्यातलं भिंग नितळ असतं, त्यामुळे तेवढ्याच दिव्यातून त्यांच्या डोळ्यांत जास्त प्रकाश शिरतो. संध्याकाळच्या उजेडाने मुलांचं मेलॅटोनिन मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट दबतं, असं जपानमध्ये मोजलं गेलंय. एका खोलीच्या घरात मोठ्यांचं जेवण आणि मालिका संपेपर्यंत दिवा विझत नाही. मूल मात्र ‘झोपायचं नाव घेत नाही’ म्हणून बोलणी खातं. रात्री साडेआठनंतर मोठा दिवा घालवून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावला, तरी पुष्कळ फरक पडतो.

३. पंधरा ते वीस: नळ उशिरा येतो

वयात येताना घड्याळ पुढे सरकतं. जी मुलगी दहाव्या वर्षी नऊला झोपायची, तिचं मेलॅटोनिन पंधराव्या वर्षी रात्री साडेदहा-अकराला वाढू लागतं. शिवाय या वयात झोपेची ओढही सावकाश साचते. म्हणजे नळ उशिरा आणि पिंपही लवकर रिकामं होत नाही. दहाला आडवं केलं तरी ती टक्क जागी असते. खोटं बोलत नसते.

यावर ठरलेला आक्षेप मोबाइलचा. मोबाइल परिस्थिती बिघडवतो यात शंका नाही, पण हा सरकलेला नळ मोबाइलच्या आधीपासून आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन यांनी हा बदल टिपला तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेव्हा मुलांच्या उशाशी फोन नव्हते. वयात येणाऱ्या इतर काही सस्तन प्राण्यांमध्येही असाच बदल दिसतो, आणि त्यांच्याकडे अजूनही फोन नाहीत.

म्युनिकचे टिल रोनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा गोळा करून २००४ मध्ये दाखवलं, की हे उशिरा सरकणं बायकांमध्ये साधारण साडेएकोणिसाव्या वर्षी आणि पुरुषांमध्ये जवळपास एकविसाव्या वर्षी टोक गाठतं. तिथून घड्याळ पुन्हा मागे यायला लागतं. किशोरवय संपल्याची जीवशास्त्रीय खूण म्हणून हाच क्षण धरावा, असं त्यांनी सुचवलं. मुलगे मुलींपेक्षा जास्त उशिराचे आणि जास्त काळ उशिराचे असतात. पुढे पन्नाशीपर्यंत सरासरी पुरुष सरासरी बाईपेक्षा उशिराचाच राहतो.

आता हिशेब करू. दहावीतली मुलगी साडेअकराला झोपते, सात वाजताच्या शाळेसाठी साडेपाचला उठते. झोप झाली सहा तास. या वयाला लागते ८ ते १०. किमान आकडा धरला तरी रोजची दोन तासांची तूट, सहा दिवसांत १२ तास. शनिवारी रात्री ती एकला झोपते आणि रविवारी अकराला उठते. एरवी तिच्या झोपेचा मध्य अडीचला येतो, रविवारी सकाळी सहाला. फरक साडेतीन तासांचा. भारत आणि जर्मनीत उन्हाळ्यात एवढंच अंतर असतं. म्हणजे ही मुलगी दर शनिवारी म्युनिकला जाते आणि सोमवारी पहाटे परत येऊन गणिताच्या तासाला बसते. रोनेबर्ग यांच्या गटाने याला ‘सामाजिक जेटलॅग’ म्हटलंय.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली. मुंबई आहे ७२.८ अंशांवर, म्हणजे ९.७ अंश पश्चिमेला. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. ९.७ गुणिले ४, म्हणजे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटं मागे. जुना ‘बॉम्बे टाइम’ नेमका इतकाच मागे होता आणि १९५५ पर्यंत तो मुंबईत चालला. तेव्हा मुंबईत सातची शाळा सूर्याच्या हिशेबाने ६ वाजून २१ मिनिटांनी भरते. गोव्यात पणजीला ती भरते ६.२५ च्या सुमारास, नागपुरात ६.४६ ला. शरीरातलं घड्याळ भिंतीवरचं घड्याळ वाचत नाही, ते सूर्याला बांधलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत मुंबईचा सूर्य सातनंतर उगवतो. तेव्हा तिथली मुलं अक्षरशः रात्रीच शाळेत जातात.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असं म्हटलं. कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायद्यानेच वरच्या वर्गांच्या शाळा साडेआठच्या आत भरवता येत नाहीत. आपल्याकडेही हा विषय निघाला. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळांचा प्रश्न काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने आदेश काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगला आदेश आहे. घरं रात्री उशिरापर्यंत जागतात, त्यामुळे लहानांना झोप कमी मिळते, हे खरंच आहे. पण गंमत पाहा. सवलत मिळाली ती निसर्गतः सहाला उठणाऱ्यांना. ज्यांचा नळच रात्री अकराला येतो ते आठवी-नववी-दहावीतले अजूनही कित्येक शाळांत सातच्या घंटेला रांगेत उभे. माझ्या मते सवलतीची जास्त निकड या दुसऱ्या गटाला होती.

४. बायका जास्त झोपतात की कमी?

याचं उत्तर कोणाला विचारता यावर अवलंबून आहे. बायकांना विचारलं तर त्या झोप न लागण्याची तक्रार पुरुषांपेक्षा जास्त करतात. अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा निद्रानाशाचा धोका बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे १.४ पट निघाला. पण प्रयोगशाळेत डोक्याला तारा जोडून झोप मोजली, तर निरोगी बायकांची झोप पुरुषांपेक्षा वाईट दिसत नाही. उलट जरा जास्त आणि जरा गाढच दिसते. मग तक्रार खोटी का? अजिबात नाही. प्रयोगशाळेत बाळ रडत नाही, सासूबाई पाणी मागत नाहीत आणि साडेपाचला डबा करायचा नसतो.

थोडा भाग घड्याळाचा आहे. २०११ मध्ये हार्वर्डच्याच संशोधकांनी मोजलं, तेव्हा बायकांचं आतलं घड्याळ पुरुषांपेक्षा सरासरी सहा मिनिटांनी लहान निघालं. सहा मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्यामुळे नळ जरा लवकर येतो आणि लवकर जातो. बाई आणि तिचा नवरा दोघंही साडेअकराला झोपले, तर तिच्या घड्याळाच्या मानाने ती उशिरा झोपलेली असते. पहाटे तिला आधी जाग येते आणि मग झोप लागत नाही.

दुसरा भाग संप्रेरकांचा. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंशांनी चढतं आणि कित्येकींना त्या दिवसांत झोप विरविरीत वाटते. गरोदरपणात आधी दिवसभर पेंग येते आणि शेवटच्या तीन महिन्यांत धड कूस बदलता येत नाही. त्या काळात पाठीवर न झोपता कुशीवर झोपावं, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. पाळी थांबताना रात्री अचानक अंगाची लाही होते, घाम फुटतो, आणि दहा मिनिटांनी थंडी वाजते.

तिसरा भाग मात्र शरीराचा नाहीच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. शिवाय दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात २६ होते. पाच तासांचं हे काम दिवसाच्या दोन्ही टोकांना पसरलेलं असतं: रात्री ओटा आवरून दूध विरजणं, पहाटे कुकर लावणं. नळ बरोबर वेळेला येतो, पण पिंप भरत असताना तिला कोणीतरी सारखी हाक मारत असतं. अशा बाईला ‘झोपण्यापूर्वी मन शांत ठेवा’ असा सल्ला देणाऱ्याने आधी ओटा पुसून द्यावा.

५. पंख्याचं भांडण

त्याला पाचवर हवा, तिला दोनवर. तो उघडा झोपतो, ती पायाशी चादर घेते. रेग्युलेटरवरचा हा वाद घरोघरी असतो आणि त्याला शरीरशास्त्राचा चांगला आधार आहे.

झोप लागण्याआधी शरीराचा गाभा थंड व्हायला लागतो. रात्रभरात तो साधारण एक अंशाने उतरतो. ही उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः हातापायांच्या तळव्यांतून. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळवे उबदार होतात आणि आतली उष्णता निघून जाते. स्वित्झर्लंडमध्ये १९९९ मध्ये केलेल्या प्रयोगात ज्यांचे हातपाय जास्त उबदार झाले, त्यांना झोप लवकर लागली. बायकांचे हातपाय पुरुषांपेक्षा सरासरीने थंड असतात, गाभा मात्र जरा जास्त गरम. त्यामुळे पाय गार असताना पंख्याचा झोत सोसत नाही आणि पाय गरम होईपर्यंत झोप लागत नाही. पुरुषाच्या अंगात स्नायू जास्त, उष्णताही जास्त तयार होते. त्याला ती घालवायची घाई असते.

यावर उपाय सोपा आहे. पंखा त्याच्या मर्जीने, पांघरुणं दोन वेगळी आणि तिच्या पायात मोजे. डबलबेडवर एकच मोठं ब्लँकेट ही कल्पना सिनेमात चांगली दिसते. आपल्या जुन्या घरांत प्रत्येकाची वळकटी वेगळी असायची, ते जास्त शहाणपणाचं होतं.

कुशीवर की पाठीवर, हेही वयाने बदलतं. डेन्मार्कमध्ये काहीशे लोकांच्या अंगाला मापक लावून पाहिलं, तर प्रौढ माणसं रात्रीचा निम्म्याहून जास्त वेळ कुशीवर, एक तृतीयांशाहून थोडा जास्त वेळ पाठीवर आणि अगदी थोडा पोटावर झोपत होती. लहान मुलं तिन्ही प्रकारांत लोळत असतात. वय वाढतं तसं कुशीवरचं झोपणं वाढतं आणि हालचाल कमी होते.

६. चाळिशीनंतर पिंपाला तळ दिसतो

म्हातारपणी झोप कमीच लागते, असं सगळे धरून चालतात. हे अर्धंच खरं आहे. २०१५ च्या त्याच शिफारशींत १८ ते ६४ वर्षांच्या माणसांना ७ ते ९ तास आणि ६५ च्या पुढे ७ ते ८ तास झोप सांगितली आहे. गरज जेमतेम घटते. घटते ती झोपण्याची क्षमता.

सगळ्यात आधी जाते गाढ झोप, आणि तीही आपल्याला वाटते त्यापेक्षा फार लवकर. शिकागो विद्यापीठाच्या ईव्ह व्हॅन कॉटर यांनी २००० मध्ये १४९ निरोगी पुरुषांच्या झोपेची नोंद प्रसिद्ध केली. १६ ते २५ वयाच्या पुरुषांत एकूण झोपेपैकी १८.९ टक्के गाढ झोप होती, ३६ ते ५० वयात ती ३.४ टक्क्यांवर आली होती. आकड्यांत सांगायचं तर विशीतला मुलगा आठ तास झोपला, तर त्यातली दीड तास झोप गाढ असते. त्याचा बाप सात तास झोपतो आणि त्याच्या वाट्याला गाढ झोप येते जेमतेम १४ मिनिटं. पंचेचाळिशीतला माणूस ‘हल्ली झोप झाल्यासारखी वाटत नाही’ म्हणतो, ते यामुळे. बायकांची गाढ झोप इतक्या झपाट्याने घसरत नाही. सत्तरीतल्या आजींची मोजलेली झोप आजोबांपेक्षा बरी असते, तक्रार मात्र आजीच जास्त करतात.

मग घड्याळ मागे सरकतं. आजोबांचा नळ संध्याकाळी आठलाच येतो आणि पहाटे चारला जातो. धारही बारीक, त्यामुळे जाग सारखी येते. त्यात प्रोस्टेट आणि लघवीच्या फेऱ्या. शिवाय डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं पडतं आणि घड्याळाला लागणारा निळसर उजेड अडवतं. दिवसभर घरात पडद्याआड बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिवस आणि रात्र यांतला फरक नीट पोचतच नाही. म्हणून अशांना संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला तासभर बाहेर उजेडात बसवणं चांगलं. त्याने घड्याळ थोडं पुढे सरकायला मदत होते. दुपारची झोपही वीस-पंचवीस मिनिटांत आटपावी. दोन तास वामकुक्षी झाली की रात्री पिंप रिकामंच नसतं. कार्तिकातल्या काकड आरतीला देवळात बहुतांश पिकलेली डोकी दिसतात, त्यात भक्ती असेलच, पण साडेचारला ही मंडळी तशीही जागी असतात.

निसर्गाने असं का केलं असावं? टांझानियातल्या हाद्झा लोकांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे लोक शिकार आणि कंदमुळं यांवर जगतात, विजेचा दिवा नाही. डेव्हिड सॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ प्रौढांच्या मनगटांना वीस दिवस हालचाल मोजणारं यंत्र बांधलं. या सगळ्या काळात सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेले होते, असे क्षण एकूण फक्त १८ मिनिटांचे भरले. एरवी कोणी ना कोणी जागं किंवा अर्धवट झोपेत होतंच, आणि याचं मोठं कारण वय: तरुण उशिराचे, म्हातारे पहाटेचे. सॅमसन यांचा तर्क असा, की झोपेच्या वेळा वयानुसार वेगवेगळ्या असल्यामुळे टोळीला न सांगता पहारा मिळाला. तर्कच आहे, सिद्धांत नाही. पण मला तो पटतो, आणि पहाटे चारला दार उघडून बाहेर डोकावणाऱ्या आजोबांकडे मी त्यामुळे जरा आदराने पाहतो. एक गोष्ट आणखी: झोपेत इतक्यांदा जाग येऊनही हाद्झांनी झोप न लागण्याची तक्रार केली नाही.

७. वयावर ढकलू नयेत अशा गोष्टी

इतकं सांगितल्यावर उलट चूक व्हायला नको. काही गोष्टी वयाच्या किंवा बाईपणाच्या नावावर खपवल्या जातात आणि तिथे खरा आजार लपलेला असतो.

पहिली घोरण्याची. घोरताना मध्येच श्वास अडतो, दहा-पंधरा सेकंद सगळं शांत होतं आणि मग माणूस धसकल्यासारखा श्वास घेतो. असं तासाला पाचपेक्षा जास्त वेळा होत असेल, तर डॉक्टर त्याला आजार धरतात. तासाला तीस वेळा होत असेल, तर सहा तासांच्या झोपेत १८० वेळा मेंदूला जाग येते आणि सकाळी त्यातली एकही आठवत नाही. हा आजार पुरुषांत जास्त, म्हणून बायकांत तो शोधलाच जात नाही. पाळी थांबल्यावर बायकांतही तो वाढतो, पण त्या घोरण्याबद्दल बोलत नाहीत. त्या सांगतात थकवा, सकाळची डोकेदुखी, रात्री सारखी जाग. मग त्यांना ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून परत पाठवलं जातं.

दुसरी पायांची. रात्री आडवं झालं की पोटऱ्यांत वळवळतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. हा त्रास बायकांत जवळपास दुप्पट आढळतो, गरोदरपणात वाढतो आणि शरीरातलं लोह कमी असलं की जास्त होतो. घरचे पाय चेपून देतात, त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण लोहाची रक्ततपासणी करून घ्यावी.

तिसरी गोळ्यांची. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी बायकांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते. सकाळी गाडी चालवतानाही तिचा अंमल उरलेला असू शकतो. हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये बायकांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर, म्हणजे निम्म्यावर आणला. हे औषध तोवर वीस वर्षं विकलं जात होतं. तेव्हा नवऱ्याला लिहून दिलेली गोळी ‘मलाही झोप येत नाही’ म्हणून बायकोने घेणं हे धोक्याचं आहे.

घोरण्यासाठी डॉक्टरकडे जाताना शेजारी झोपणाऱ्याला बरोबर न्यावं. रात्री काय घडतं हे घोरणाऱ्याला कधीच माहीत नसतं. शेजारी कोणी नसेल, किंवा शेजारचाच पडल्या पडल्या घोरत असेल, तर मोबाइल उशाशी ठेवून रात्रभर आवाज रेकॉर्ड करावा आणि तोच डॉक्टरांना ऐकवावा.